न केलेला भागाकार

माझं नाव एका दमात घेता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. आकड्यांत लिहायचं तर ७३९३९१३३. मी एक मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि मी स्वतः, एवढे दोन सोडले तर मला कशानंही भागा, काहीतरी बाकी उरतंच.

ऐकायला हे मानाचं वाटतं. असायला तसं नाही. जिला कशानंच भाग जात नाही तिच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. बाजारात माझा उपयोग नाही. मी डझनात बसत नाही, शेकड्यात बसत नाही. वाटणीला घेतलं तर मी भांडणच लावून देते. शाळेच्या पुस्तकात माझ्या धाकट्या बहिणी येतात, सात, अकरा, तेरा, फार तर सत्त्याण्णव. मी कुणाच्या पुस्तकात नाही.

मला कुणी घडवलं नाही. मी होतेच. पण नुसतं असणं वेगळं आणि कुणाच्या तरी तोंडी येणं वेगळं. मी तोंडी आले ती नगर जिल्ह्यात, बेलापूरच्या पुढं प्रवरेच्या काठी असलेल्या एका गावात, बहात्तरच्या दुष्काळात. त्या घरातली माणसं दमलेली होती. त्यांच्यासोबत मीही दमले. तो शीण अजून गेलेला नाही.

त्या गावच्या ख्रिस्ती वस्तीत यशया मास्तर राहायचे. सगळी नोकरी त्यांनी गणित शिकवलं. माणूस कडक. शाळेत बोलायचे ते गणितापुरतं आणि घरी बोलायचे ते त्याहून कमी. बायको लवकर गेली. दोन मुली, थोरली दया आणि धाकटी हन्ना. दयाचं लग्न होऊन ती संगमनेरला गेली. तिचा नवरा तिथं डेअरीत कामाला होता. हन्नानं शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं, पण कायमची जागा कुठं मिळत नव्हती.

मास्तरांचा वर्गात एक खेळ असे. फळ्यावर सात लिहायचे आणि विचारायचे, याच्या उजवीकडं कोणता आकडा मांडला तर संख्या मूळच राहील? पोरं एकेक सांगायची. दोन, चार, सहा, आठ मांडले की ती दोननं जाते. पाच मांडला की पाचानं जाते. मग कुणीतरी तीन म्हणायचं. त्र्याहत्तर. मूळ. त्यापुढं नऊ मांडला की सातशे एकोणचाळीस, तीही मूळ. पुढं सात हजार तीनशे त्र्याण्णव, तीही. एवढ्यात तास संपायचा आणि पोरं विसरून जायची. मास्तर मात्र विसरायचे नाहीत. घरी येऊन ते एकेक आकडा पुढं सरकत राहिले. त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस झाले. सात लाखांत गेले. निवृत्त होईतो ते त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरापर्यंत पोचले होते.

माझा गुण तो हाच. मला शेवटून एकेक अंक छाटत या. प्रत्येक वेळी जे उरेल ते मूळच असेल, पार एकट्या सातापर्यंत. माझ्यासारख्या फार नाहीत. मूळ संख्यांना अंत नाही, पण शेपटाकडून कितीही तोडलं तरी मूळच राहणाऱ्या मोजक्याच, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी मी.

आणखी एक आहे. मला चारानं भागलं तर एक उरतो. अशी जी मूळ संख्या असते तिला दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतं, आणि तेही एकाच रीतीनं. माझे ते दोन वर्ग कोणते, हे मात्र कुणी काढलं नाही. तेवढी फुरसत त्या घराला कधी नव्हती.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत मास्तरांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. शब्द डोक्यात असायचे, तोंडात यायचे नाहीत. आले तर भलतेच यायचे. फक्त आकडे शाबूत राहिले. तहान लागली तर 'पाणी' म्हणायला तोंड उघडायचे आणि बाहेर यायचं 'एकोणीस'. भूक लागली की 'सहा, सहा'. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, पाठ झालेलं मागं राहतं. हन्नाला सवय झाली. कोणताही आकडा ऐकला की ती आधी तांब्या पुढं करायची, मग भाकरी, मग उशी सरळ करायची. आकड्याला काही अर्थ असेल असं ती धरूनच चालत नव्हती.

त्यात पावसानं सलग दगा दिला. नदीची वाळू दिसू लागली, कालव्याला पाणी सुटेना. वस्तीतली माणसं दुष्काळी कामावर गेली. हन्नाही गेली. शिकवायचं ट्रेनिंग झालेली बाई रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची. ती एकटीच तशी नव्हती. मॅट्रिक झालेली कितीतरी पोरं शेजारी हातोडी घेऊन बसलेली असत. दिवसभर मास्तरांकडं झुंबरबाई बघायच्या. त्या शेजारच्या मळ्यातल्या. मळा वाळलेला, त्यामुळं हाताला काम नव्हतं. त्या येऊन दारात बसत आणि मास्तरांशी बोलत राहत. उत्तर येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

घरात एक जुना फळा होता. मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं टाकून दिलेला त्यांनी मागून आणला होता. एका संध्याकाळी हन्ना कामावरून आली तर मास्तर डाव्या हातानं फळ्याकडं दाखवत होते आणि एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होते. तिनं तांब्या दिला, त्यांनी ढकलला. भाकरी दिली, ढकलली. मग तिनं सहज ऐकलं. सात, तीन, नऊ, तीन, नऊ, एक, तीन. जरा थांबून, तीन.

तिनं खडू घेतला आणि लिहिलं. फळ्यावर मी पहिल्यांदा उमटले ती अशी, खडी फोडून फोड आलेल्या हातातून.

मास्तर हसले. डावीकडचं तोंड हसलं, उजवीकडचं तसंच राहिलं. हन्नाला खेळ आठवला. लहानपणी तिनं तो वर्गात बसून पाहिला होता. घरी मात्र बाबा तिला शेजारी बसवून कधी काही शिकवायचे नाहीत. तिनं विचारलं, "बाबा, ही मूळ आहे का बघायचं?" त्यांनी मान हलवली.

माझी परीक्षा सुरू झाली ती त्या संध्याकाळपासून.

मूळ आहे हे सिद्ध करायचा साधा रस्ता एकच. लहान मूळ संख्यांनी क्रमानं भागत जायचं. दोन, तीन, पाच, सात. माझं वर्गमूळ येतं तिथवर जायचं. ते आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवच्या जरा पुढं आहे. त्याच्या आतल्या मूळ संख्या हजारावर भरतात. त्या सगळ्यांची यादी मास्तरांनी तरुणपणी चाळणीच्या रीतीनं काढून ठेवलेली होती, म्हणून बरं. एकीनं जरी भाग गेला तरी मी संपले.

हन्ना रोज खडीवरून येऊन हातपाय धुवायची, भाकऱ्या थापायची. सरकारी दुकानातल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, थापताना तुटणाऱ्या. मग दिवे लागायच्या आधी जेवढे होतील तेवढे भागाकार करायची. मास्तरांना फळ्यावरचं धूसर दिसायचं, म्हणून ती शेवटी बाकी मोठ्यानं सांगायची. सातानं, बाकी दोन. अकरानं, बाकी चार. तेरानं, बाकी आठ. मास्तर प्रत्येक बाकीला मान हलवत. कधी तिची चूक झाली तर डावा हात वर करत. ती पुसून पुन्हा करायची आणि चूक सापडायची. त्यांच्या डोक्यात सगळं चालू होतं, फक्त बाहेर यायची वाट बुजली होती.

तिचे दिवसभरातले दगड फुटायचे. मी फुटत नव्हते.

झुंबरबाई कधीकधी घरी जायच्या आधी हे बघत उभ्या राहत. एकदा म्हणाल्या, "ह्ये मोजून काय मिळनार हाय, मला काय कळत न्हाई. पन मास्तर जेवाय लागल्यात. करीत राव्ह तू."

हे खरं होतं. मास्तर जेवू लागले होते. संध्याकाळची वाट बघू लागले होते. आणि हन्नाही, ती कबूल करणार नाही, पण बाकी सांगताना तिचा आवाज बदलायचा. बापानं आयुष्यात तिच्याशी जेवढ्या गोष्टी केल्या नव्हत्या तेवढ्या त्या थंडीत झाल्या. त्या सगळ्या भागाकारांच्या होत्या, एवढंच. एकदा आकडा चुकीचा उतरवला म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि खडू फेकला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तिच्या डोक्याला नुसता स्पर्श केला. मग ती खडू शोधायला उठली.

मला माझ्यापुरतं विचाराल तर ते दिवस जड होते. हजारदा कुणीतरी येऊन तुम्हाला चाचपून बघावं, आणि हजारदा तुम्ही नाही म्हणावं, हे सोपं नाही. त्याच सुमाराला साता समुद्रापलीकडं एका यंत्रानं सहा हजारांवर अंकांची मूळ संख्या शोधून काढली होती. त्या यंत्राला मी डोळ्याची पापणी लवायच्या आत कळले असते. पण मला त्यानं विचारलं नाही. मला विचारलं ते या दोघांनी.

शेवटचा भाजक होता आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. त्या दिवशी कामावर सुट्टी होती, उजेड भरपूर होता. हन्नानं सावकाश भाग घातला. आठ हजार सहाशे वेळा गेला. ती थांबली, पुन्हा वजाबाकी केली आणि म्हणाली, "बाकी चार हजार नऊशे तेहेतीस."

मास्तरांचे ओठ हलले. कितीतरी महिन्यांत न आलेला एक शब्द, जो आकडा नव्हता, त्यांच्या तोंडून स्वच्छ बाहेर आला.

"मूळ," ते म्हणाले.

हन्ना रडली. झुंबरबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं. झालेलं कळल्यावर त्या मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बोलले व्हय? मंग कामाचं हाय तुमचं गनित." हन्नानं फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मला लिहिलं आणि भोवती चौकट आखली. हे पुसायचं नाही, असं ती झुंबरबाईंना बजावून सांगत होती.

माझं सुख तेवढंच. दोन दिवसांचंसुद्धा नाही. दुसऱ्याच संध्याकाळी मास्तरांनी डावं बोट माझ्या शेवटच्या तिनाच्या पुढं मोकळ्या जागेकडं रोखलं. त्यांना आणखी एक अंक हवा होता.

उन्हाळा लागला होता. दया एस.टी.नं आली, सोबत दोन लहान पोरं. तिच्याजवळ बातमी होती. संगमनेरला मुलींच्या एका वसतिगृहात राहून शिकवणारी बाई हवी होती, कायमची जागा. जूनच्या आत हजर व्हायचं. बाबांना आपल्या घरी ठेवून घ्यायला ती आणि तिचा नवरा तयार होते. सगळं जुळत होतं. तिनं ते सांगितलं तेव्हा हन्ना चुलीपाशी बसली होती. तिचे हात दयाला दिसले.

मास्तरांनी ऐकलं आणि तोंड फळ्याकडं केलं. दयानं समजावलं, हन्नानं समजावलं. ते डाव्या हाताची मूठ खाटेच्या माचव्यावर आपटत राहिले. त्यांचं म्हणणं न बोलताही कळत होतं. हन्ना वसतिगृहात राहणार, दया पोरांच्या रामरगाड्यात. तिकडं कोण भागाकार करणार होतं? इथून उठणं म्हणजे गणित अर्धं टाकणं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही झुंबरबाईंनी भरवलेले दोन घास, बस.

"कुठवर चालणार हे?" दयानं निघताना विचारलं.

हन्ना म्हणाली, "एक आणि सात मांडून उपयोग नाही, तिनानं जातात. तीन आणि नऊ राहिले. ते बघितले की झालं."

"किती दिवस लागतील?"

हन्नानं दयाची पिशवी उचलून दारात ठेवली. तिला उत्तर माहीत होतं. माझ्यापुढं तीन मांडला की होतात त्र्याहत्तर कोटी त्र्याण्णव लाख एक्क्याण्णव हजार तीनशे तेहेतीस. तिचं वर्गमूळ सत्तावीस हजारांच्या पुढं. माझ्यासाठी जेवढे भागाकार केले त्याच्या जवळजवळ तिप्पट. मास्तरांची यादीही तिथवर जात नव्हती, ती आधी वाढवावी लागली असती. आणि मग नऊ मांडून पुन्हा तेवढंच. हन्नाचं वय सरत चाललं होतं. जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली असती.

तरी तिनं सुरुवात केली. तिनानं बाकी दोन. सातानं बाकी दोन. संध्याकाळमागून संध्याकाळ ती फळ्यापाशी उभी राहायची, पण आता तिच्या आवाजात काही राहिलं नव्हतं. बाकी सांगायची आणि पुसायची. शंभर ओलांडलं. एकशे नऊनं, बाकी एकोणऐंशी. एकशे तेरानं, बाकी पंधरा. मास्तर मान हलवत होते. ते प्रत्येक बाकीबरोबर थोडे आशेनं उठून बसत.

एकशे तेरानंतर तिनं यादीत पाहिलं. पुढची मूळ संख्या होती एकशे सत्तावीस. तिनं फळ्यावर मांडणी केली. भाजक लिहिला, रेघ मारली. आणि तिचा हात वर जाईना. खांद्यापासून दुखत होता. तिनं खडू तसाच धरून ठेवला आणि फळ्याकडं बघत उभी राहिली. मी वरच्या कोपऱ्यातून तिच्याकडं बघत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मग मागं न वळता ती म्हणाली, "बाबा, गेली."

ती वळली. "एकशे सत्तावीसनं पूर्ण भाग गेला. तीन चालत नाही." आणि एका श्वासात पुढचं, "नऊ मी दुपारीच करून बघितली होती..."

तेवढ्यात मास्तरांनी डावा हात वर केला. ती थांबली. तिला वाटलं, चूक पकडली. भिंतीला टेकून ती त्यांच्याकडं बघत राहिली.

मास्तरांनी डोळे मिटले. डाव्या अंगठ्यानं ते बोटांची पेरं मोजू लागले, एकेक पेरावर अंगठा टेकवत. ओठ पुटपुटत होते. हन्ना जवळ गेली. त्यांच्या तोंडून आकडे येत होते, सावकाश, मधे मोठमोठे थांबे घेत. पाच. आठ. दोन. एक. बराच वेळ काही नाही. मग नऊ. सात. नऊ. आणि डोळे उघडून ते म्हणाले, "शून्य."

हन्नाला ते काय होतं ते कळलं नाही. तहान लागली तरी हा माणूस आकडेच बोलतो, हे तिच्या सवयीचं होतं. तिनं तांब्या पुढं केला. मास्तरांनी तो घेतला, दोन घोट पाणी प्यायले आणि उशीवर मान टेकली. चेहरा मोकळा झाला होता. हन्ना घाईनं म्हणाली, "नऊचं सांगते ना," तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं. दार दाखवलं. दयाचं नाव घ्यायला गेले, तोंडातून 'बारा' आलं. मग दोन बोटांनी चालण्याची खूण केली. जाऊ या.

हन्ना मागच्या दारी जाऊन बसली. तिला वाटलं, बाबांना आपण फसवलं. त्याहून वाईट म्हणजे, बाबांच्या ध्यानात येण्याइतपत त्यांचं डोकंच आता राहिलेलं नाही. काही तरी आकडे पुटपुटले आणि आपल्या खोट्यावर शून्य ठेवून दिलं. ज्या माणसानं तिची एकही चूक महिनोन्महिने सोडली नव्हती, त्यानं ही सोडली.

पण तसं झालं नव्हतं. हे मला माहीत आहे, म्हणूनच मी हे सगळं सांगायला बसले. त्र्याहत्तर कोटींच्या त्या संख्येला एकशे सत्तावीसनं खरोखरच पूर्ण भाग जातो. अठ्ठावन्न लाख एकवीस हजार नऊशे एकोणऐंशी वेळा. बाकी शून्य. मास्तरांनी तो भागाकार बोटांच्या पेरांवर करून पाहिला होता. पाच, आठ, दोन, एक, नऊ, सात, नऊ. एकही अंक चुकला नव्हता. हन्नानं त्या दमलेल्या हातानं आणखी एकच भागाकार केला असता तर तिला खोटं बोलायची पाळीच आली नसती. आणि नऊचीही तीच गत आहे, तिचा भाजक बराच पुढं आहे इतकंच. माझ्यापुढं कोणी नाही. मी शेवटचीच.

जूनच्या आत ती दोघं संगमनेरला गेली. मास्तरांना उचलून जीपमध्ये ठेवलं तेव्हा ते शांत होते. दयाच्या घरी त्यांनी दीडेक वर्ष काढलं. हन्ना रविवारी चर्चनंतर येऊन त्यांच्याजवळ बसायची. आता त्यांना फळा नको होता. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत पडून राहायचे. दुसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी, दया पोरांना जेवायला वाढत असताना, ते गेले.

दफनाहून परत येताना हन्नानं दयाला सगळं सांगितलं. दया म्हणाली, "तू त्यांना सुखानं जाऊ दिलंस. असलं खोटं देवही मोजत नाही." पुढं हन्नानं चर्चच्या उपदेशकांनाही सांगितलं. ते म्हणाले, खोटं ते खोटंच, पण कळवळ्यातून आलेलं आहे, क्षमा माग, मिळेल. तिनं मागितली. एकदा झुंबरबाई डोळे दाखवायला संगमनेरला आल्या होत्या, त्यांच्याही कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "आजारी मानसाला असंच सांगावं लागतं, बाई. मी माज्या सासऱ्याला पाऊस पडला म्हनून सांगितलं हुतं."

तिघांनी तीन तऱ्हेनं समजूत घातली. खोटं का बोलावं लागलं, चांगलं की वाईट, यावर सगळे बोलले. ते खोटं होतं का, एवढं तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. माणसांची ही सवय मी आजवर पुष्कळ पाहिली. कबुली ऐकली की ती लगेच माफ करायला बसतात.

आणि हन्ना? ती आता वसतिगृहातल्या मुलींना शिकवते, मुलींना ती आवडते. हातावरचे घट्टे गेले. पण संध्याकाळी मुली अभ्यासाला बसल्या की कधीकधी तिचा जीव कुठंच लागत नाही. भागाकार शिकवताना बाकी शून्य आली की ती क्षणभर थांबते. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. तिच्यासमोर रोज फळा असतो, हातात खडू असतो, आणि तो एक भागाकार करायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. ती करत नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे असं तिनं धरलेलं आहे.

मी मात्र आता कुठंच लिहिलेली नाही. गावातला तो फळा झुंबरबाईंनी नेला, त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडलेला आहे. चौकट केव्हाच पुसली. मला त्याचं काही नाही. आम्हा संख्यांना पुसून मरण येत नाही. पण एवढं जाणून असणं आणि तोंड नसणं, याचा शीण मात्र येतो. मास्तरांनी तिची शेवटची चूक सोडली नव्हती. चूक नव्हतीच. त्यांनी तपासलं, बरोबर निघालं, आणि ते समाधानानं झोपले. एवढंच तिला कळायला हवं.

तुमच्यातलं कुणी संगमनेरच्या बाजूला गेलं तर तिला गाठा. माझं नाव सांगायची गरज नाही, ती ओळखेल. तिला म्हणावं, फार विचार करू नकोस, खडू घे. सातशे एकोणचाळीसात एकशे सत्तावीस पाच वेळा जातात. तिथून सुरुवात कर.